साचलेल्या पाण्याचा इतिहास

पेडण्याच्या बोलीत तापाला 'जोर' म्हणतात आणि हुडहुडी भरवून येणाऱ्या तापाला 'हींव'. मराठीतला हिवताप तो हाच. चरकसंहितेत त्याला विषमज्वर म्हटलं आहे आणि त्याचे प्रकार दिवसांवरून पाडले आहेत. रोज एकदा येणारा तो अन्येद्युष्क, एक दिवस आड येणारा तृतीयक, दोन दिवस सोडून येणारा चतुर्थक. आपल्या आज्या-पणज्यांना ही संस्कृत नावं ठाऊक नसतील, पण 'पाळीचा ताप' म्हटलं की त्यांना सगळं कळायचं. आज हींव भरलं, उद्या माणूस उठून कामाला लागला, परवा त्याच वेळेला पुन्हा गोधडीत. मुलाचं पोट डाव्या अंगाला कडक लागलं की म्हणायच्या, पाणथरी वाढली.

लक्षणं इतकी बारकाईने माहीत होती, कारण तेवढं माहीत नव्हतं. मलेरिया या इटालियन शब्दाचा अर्थच मुळी वाईट हवा. आपल्याकडे म्हणायचे, रानातलं पाणी बाधलं. दोन्ही समजुती चुकीच्या, तरी आपली जास्त जवळची. रोग पाणी पिऊन होत नाही, पण तो येतो पाण्यातूनच. गोव्यातल्या हिवतापाचा इतिहास वाचायचा तर तो या पाण्याच्या मागे मागे जाऊन वाचावा असं मला वाटतं. पाणी कुठे साचलं, कुणी साचवलं आणि ताप कुणाला आला, हे तीन प्रश्न हातात धरून.

पहिला थांबा जुने गोवे. १५३४ मध्ये गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात आला आणि १५६३ मध्ये त्याने इथल्या औषधी वनस्पतींवर ग्रंथ छापला. त्या काळी हे शहर वैभवात युरोपातल्या शहरांच्या तोडीचं मानलं जाई. पण मांडवीकाठची जमीन दलदलीची, विहिरी आणि मैलाखड्डे शेजारी शेजारी. पटकी आणि ताप यांच्या साथी पुन्हा पुन्हा येत राहिल्या. सतराव्या शतकाच्या शेवटी राजधानी मुरगावला हलवायचं ठरलं, काम सुरूही झालं, पण तडीस गेलं नाही. अखेर १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपला मुक्काम पणजीला, आदिलशहाच्या वाड्यात हलवला. १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. त्याआधी तिथली दलदल भरून घ्यावी लागली होती. जुन्या गोव्यात चर्च उरले आणि भोवती नारळी वाढल्या.

एवढ्या गोष्टीतून एक गोष्ट कळते. तापाने राजधानी हलवली, कारण राजधानीला हलता येत होतं. ज्याच्याकडे पैसा आणि सत्ता असते तो तापापासून दूर जाऊन घर बांधतो. ज्याच्याकडे ती नसते तो तिथेच राहतो आणि मग लोक म्हणतात, त्यांना तापाची सवयच आहे.

पोर्तुगिजांनी ज्याला 'नव्या काबिजादी' म्हटलं तो डोंगराळ भाग अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्याकडे गेला. १७८१-८२ च्या सुमारास डिचोली आणि सत्तरी, १७८८ मध्ये पेडणे. तोपर्यंत हा मुलूख सावंतवाडीच्या भोसल्यांचा. म्हणून तर इथली भाषा, देवळं, नात्यागोत्याचे धागे आजही सावंतवाडी-दोडामार्गाकडे ओढ घेतात. पूर्वेला सह्याद्रीचे पाय, मधे जंगल, झरे, कुळागरं, आणि पश्चिमेला उतरत उतरत नद्या.

आपल्या समाजाला हा भाग अगदीच परका नाही. डिचोली तालुक्यातल्या कुडणे गावात जांभ्या दगडाच्या जुन्या जैन बस्तीचे अवशेष आहेत. त्या जागेला गावात गुजिर म्हणतात. दर्शनाला जाणाऱ्या मंडळींनी एक करावं. परतताना आजूबाजूच्या वाड्यांकडेही बघावं. कारण या मुलखाचा खरा इतिहास बस्तीत, किल्ल्यात, देवळात थोडा आहे आणि रानातल्या वाड्यांवर जास्त आहे.

गोव्यातल्या गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो २००३ मध्ये. गवळी-धनगरांची तीच मागणी अजून चालू आहे. वानरमारे नावाची फार थोडी माणसं तर कालपरवापर्यंत रानातच फिरत होती. कुणी डोंगरउतारावर झाडोरा जाळून कुमेरी करायचं, त्यात नाचणी पेरायचं. कुणी म्हशी घेऊन सड्यावर राहायचं. काजूच्या हंगामात बागायतीत माळा घालून रात्री तिथेच झोपायचं. हिवतापाचा डास रात्री चावतो. त्याला उघड्यावर झोपलेला माणूस बरा सापडतो.

या लोकांकडे औषधं होती. सातविणीची साल उकळून काढा, कडू किराईत, शेक. सातविणीच्या सालीची चाचणी एकोणिसाव्या शतकात युरोपियन डॉक्टरांनीही घेतली होती, क्विनाईनला स्वस्त पर्याय मिळेल या आशेने. ती आशा फळली नाही. सिंकोना झाडाच्या सालीतून क्विनाईन वेगळं काढलं गेलं ते १८२० मध्ये, पॅरिसला. ब्रिटिश हिंदुस्थानात पुढे पोस्टात क्विनाईनच्या पुड्या विकायला ठेवल्या. गोव्यात पणजीला वैद्यकीय विद्यालय १८४२ मध्ये निघालं. आशियातल्या जुन्यात जुन्या विद्यालयांत त्याची गणना होते. पण डिचोलीच्या वरच्या वाड्यावरून पणजीला जायचं म्हणजे डोंगर उतरणं, होडी, पुन्हा चालणं. हींव भरलेल्या माणसाला खाटेवर घालून कुणी न्यायचं?

कारण कळलं ते १८९७ मध्ये. २० ऑगस्टला सिकंदराबादला रोनाल्ड रॉस याला अ‍ॅनोफिलिस डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले. ते डास ज्याला चावले होते त्या रुग्णाचं नाव हुसेन खान. दर डासामागे एक आणा या हिशोबाने रॉसने त्याला पैसे दिले. १९०२ चं नोबेल रॉसला मिळालं. हुसेन खानचं नाव रॉसच्या नोंदींमुळे टिकलं, नाहीतर तेही गेलं असतं. रोग ज्याच्या अंगात असतो त्याचं नाव इतिहासात बहुधा असंच तळटीपेत राहतं.

आता डासाबद्दल थोडं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. अ‍ॅनोफिलिसची मादी अंडी घालते ती बऱ्यापैकी स्वच्छ, संथ पाण्यात. गटाराचं काळं पाणी तिला फारसं आवडत नाही. आपल्या उष्ण हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. सह्याद्रीच्या पायथ्याशी फ्लुविएटिलिस नावाची जात हळू वाहणाऱ्या झऱ्यांच्या कडेला वाढते. शहरात स्टीफेन्सी नावाची जात टाक्या, विहिरी, पिंपं शोधते. म्हणजे रानातला डास वेगळा, शहरातला वेगळा. दोघांना लागतं काय? न हललेलं पाणी आणि आठ दिवसांचं दुर्लक्ष.

स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा आणि आठ लाख मरायचे. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आला, १९५८ मध्ये त्याचं नाव निर्मूलन कार्यक्रम झालं. घरोघर डीडीटी फवारली गेली. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि हा कार्यक्रम इथेही पोचला. १९६५ पर्यंत देशातले रुग्ण एक लाखावर आले. सगळ्यांना वाटलं, संपलं. १९७६ मध्ये आकडा चौसष्ट लाखांवर गेला.

असं का झालं याची शास्त्रीय उत्तरं पुष्कळ आहेत. डासांना औषधाची सवय झाली, पैसा कमी पडला, लक्ष उडालं. पण एक उत्तर बायकांना लगेच कळेल असं आहे. डीडीटी भिंतीवर फवारतात, कारण रक्त प्यालेला डास भिंतीवर जाऊन विसावतो. आता कुडाची भिंत असलेल्या घरात काय होतं? घरची बाई दर सणाला, दर तिथीला शेण-माती कालवून भिंत सारवते. औषध सारवणाखाली गेलं. माळ्यावर झोपणाऱ्याला तर भिंतच नाही. फवारणी करणाऱ्याने अहवालात लिहिलं, घर फवारलं. बाईने नेहमीसारखं घर स्वच्छ ठेवलं. दोघांनीही आपलं काम चोख केलं, आणि ताप तसाच राहिला. पुढे शहाणे लोक म्हणाले, आदिवासींत जागृती नाही. भिंत कोण आणि कधी सारवतं हे आधी त्या बाईला कुणी विचारलं असतं तर?

गोव्यात ताप पुन्हा मोठ्या प्रमाणावर दिसला तो १९८६ च्या सुमारास, आणि तो रानात दिसला नाही. पणजीत दिसला. शहर वाढत होतं, इमारती उठत होत्या. नव्या स्लॅबवर सिमेंटचे छोटे बांध घालून दिवसचे दिवस पाणी भरून ठेवतात, तळघरात पाणी, उघड्या टाक्यांत पाणी. स्टीफेन्सीला याहून काय हवं? कामाला आलेले मजूर परप्रांतातले, त्यांतले बरेच हिवतापाच्या मुलखातले. अंगात जंतू घेऊन आलेला माणूस आणि त्याच्या उशाशीच डासांची पैदास. मग गावात बोललं जाऊ लागलं, ही माणसं रोग घेऊन येतात. माणूस जंतू घेऊन आला हे खरं. पण पाणी त्याने साचवलं नव्हतं.

यानंतर गोव्यात जे काम झालं ते मात्र वाखाणण्यासारखं आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या मलेरिया संशोधन केंद्राने पणजीत ठाण मांडलं. डॉ. अश्वनी कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात फवारणीऐवजी पाण्याकडे लक्ष वळवलं. अळ्यांना मारणारा एक जीवाणू आणि अळ्या खाणारा इथल्याच ओहोळांतला एक चिमुकला मासा यांचे प्रयोग केले. सरकारने बांधकाम मजुरांना आरोग्य कार्ड सक्तीचं केलं, म्हणजे रक्ततपासणी झाल्याशिवाय काम नाही. बांधकामावर पाणी साचू दिलं तर मालकाला दंड. हळूहळू राज्यातले रुग्ण हजारांवरून शेकड्यांवर आले. हे यश मजुरांना शिव्या देऊन मिळालेलं नाही. कुणीतरी जिने चढून टाक्यांची झाकणं उघडून पाहिली, म्हणून मिळालेलं आहे.

आता पेडणे आणि डिचोलीचं आजचं पाणी पाहा. तिळारी धरणाचे कालवे या दोन्ही तालुक्यांतून जातात. डिचोलीत लोहखनिजाच्या प्रचंड खाणी. २०१२ मध्ये त्या बंद पडल्या, पुढे काही चालू झाल्या, पुन्हा थांबल्या. खड्डे आहेत तिथेच आहेत आणि पावसाळ्यात भरतात. चिरे काढलेल्या जागा जिकडे तिकडे. मोपाच्या सड्यावर, जिथे धनगरांची गुरं चरत, तिथे विमानतळ झाला, आणि २०२३ च्या जानेवारीत विमानं उतरू लागली. तो बांधायला हजारो हात लागले. अशा कामांवर झारखंड, ओडिशा, छत्तीसगडमधले आदिवासीही येतात. आपल्या रानातून उठलेला माणूस दुसऱ्याच्या रानाच्या जागी इमारत बांधतो आणि पत्र्याच्या खोलीत मच्छरदाणीशिवाय झोपतो. जंगलातला हिवताप हा विषय आता फक्त जंगलात राहिलेला नाही.

त्याच्या मूळ मुलखात काय झालं तेही सांगायला हवं. गडचिरोलीच्या भामरागडात १९७३ पासून डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे माडिया लोकांत राहून दवाखाना चालवत आले. मेंदूपर्यंत गेलेल्या हिवतापाने बेशुद्ध झालेली मुलं त्यांच्यापुढे आणली जात. तिथल्या माणसांचा औषधावर विश्वास बसला तो भिंतीवरच्या घोषणा वाचून नव्हे. शेजारी नेलेलं मूल उठून बसलेलं त्यांनी पाहिलं. ओडिशाने २०१७ पासून दुर्गम पाड्यांवर पावसाआधीच जाऊन सगळ्यांचं रक्त तपासायला सुरुवात केली. ताप असो वा नसो, जंतू सापडला की उपचार. तिथले आकडे पुढच्या काही वर्षांत विलक्षण खाली आले. श्रीलंका २०१६ मध्ये हिवतापमुक्त ठरली. म्हणजे हे होणारं काम आहे.

आता आपल्याकडे येते. जैन घरांत डासाचा विषय निघाला की चर्चा एकाच जागी अडते. मारायचा की नाही? कुणी कॉइल लावते आणि मनात खंतावते, कुणी लावत नाही आणि खाजवत बसते. माझ्या मते हा प्रश्न आपण फार उशिरा विचारतो. डास जन्मल्यावर विचारतो. आपल्या आचारधर्माने तो आठ दिवस आधी विचारला आहे. साचलेल्या ओलाव्यात, खरकट्या पाण्यात संमूर्च्छन जीव उत्पन्न होतात, म्हणून ते साचू देऊ नये, पसरून वाळवावं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मुनींना प्रतिष्ठापना समिती सांगितली आहे ती यासाठीच. पाणी गाळून घ्यावं, झाकून ठेवावं, गरजेपुरतंच घ्यावं. यातली दृष्टी साधी आहे. जो जीव जन्मून मरणारच आहे, त्याच्या जन्माचं निमित्त आपण होऊ नये. डासाच्या बाबतीत ही शिकवण आणि आरोग्य खात्याचा 'कोरडा दिवस' यांत मला काही फरक दिसत नाही.

शिवाय आपल्याकडे सोय आहे. अष्टमी-चतुर्दशी आपण पाळतोच. त्यांत पंचमी धरली तर दोन तिथींमध्ये सात दिवसांहून जास्त अंतर पडत नाही, आणि डासाला आठवडा तरी लागतोच. त्या दिवशी पिंप, कुंड्यांखालच्या बशा, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचं सामान कोरडं करावं, टाकीचं झाकण पाहावं. चातुर्मास आणि हिवतापाचा जोर एकाच वेळी असतो, हेही लक्षात असू द्यावं.

पण घरापुरतं करून आपलं काम संपत नाही. गृहस्थाची हिंसा चार प्रकारची सांगितली आहे: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. स्वयंपाकघरातल्या आरंभी हिंसेबद्दल आपण बायका किती जागरूक असतो! कांदा-बटाटा, रात्रीचं जेवण, पालेभाजीतली कीड. उद्योगी हिंसा पुरुषांची म्हणून आपण तिकडे बघत नाही. आपल्या समाजातली कितीतरी घरं बांधकामात, सिमेंट-लोखंडाच्या धंद्यात, जागांच्या व्यवहारात आहेत. त्या स्लॅबवरचं पाणी कितव्या दिवशी बदललं? मजुरांच्या खोल्यांना जाळ्या आहेत का? काल ताप आलेल्या पोराचं रक्त तपासलं, की दोन गोळ्या देऊन कामाला लावलं? हे प्रश्न जेवणाच्या ताटावर विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. त्या पाण्यातून जो मरेल तो कधी डास असेल, कधी झारखंडातून आलेली गरोदर बाई असेल. हिवतापात गरोदर बाईचं रक्त उतरतं, मूल कमी वजनाचं होतं. हिशोबाच्या वहीत हे कुठेच लिहिलेलं नसतं.

दान करायचं तर पर्युषणात औषध लावलेल्या मच्छरदाण्या द्याव्यात, आणि देताना माणूस झोपतो कुठे ते आधी पाहावं. माळ्यावर टांगता येईल अशी दोरी सोबत द्यावी. गोळ्यांचंही तसंच. नेहमीच्या हिवतापाचा जंतू यकृतात दडून राहतो, म्हणून प्रायमाक्वीन चौदा दिवस घ्यावं लागतं. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो आणि मजुरी बुडते म्हणून गोळ्या राहतात, मग दोन महिन्यांनी पुन्हा हींव. ती चौदा दिवसांची आठवण करून द्यायला डॉक्टर लागत नाही. शेजारीण पुरते. गरोदर बाईला मात्र ही गोळी चालत नाही, तिला थेट दवाखान्यातच न्यावं.

आणखी एक. काजूच्या हंगामात रानातून आलेला प्रत्येक ताप हिवताप नसतो. २०१५ मध्ये सत्तरीतल्या पाळी गावात आणि पुढच्याच वर्षी दोडामार्ग तालुक्यात माकडताप दिसला. तो गोचिडीतून येतो, आणि त्याला हिवतापाच्या गोळ्यांचा उपयोग नाही. म्हणून ताप आला की अंदाज बांधत बसू नये. पेडणे, कासारवर्णे, डिचोली, मये, साखळी, जे केंद्र जवळ असेल तिथे रक्त द्यावं. एका थेंबाचं काम आहे आणि ते फुकट होतं.

देशाने २०३० पर्यंत हिवताप संपवायचं ठरवलं आहे. आकडे उतरत आले की लक्ष उडतं, हे आपण १९६५ नंतर एकदा पाहिलं. गोव्यात आता रुग्ण थोडे राहिले आहेत, आणि जे राहिले आहेत ते बहुतेक अशा माणसांत आहेत ज्यांची नावं आपल्याला माहीत नसतात. येत्या चतुर्दशीला घरातलं पिंप कोरडं करून झालं की शेजारच्या इमारतीचं काम चालू आहे तिथे एक चक्कर मारावी, आणि वर स्लॅबवर पाणी किती दिवसांचं आहे ते विचारून यावं.